कानाचा घात आणि देहाचा तोल

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात धाराशिव येथे झालेले भाषण)



आजच्या समारंभात मला बोलावयास उभे करून कार्यकारी मंडळाने एक धोका पत्करला आहे. तेहतीस वर्षे गणित शिकविलेल्या मनुष्याच्या हाती ध्वनिक्षेपक दिला म्हणजे तो घड्याळाकडे पाहत नाही, हा अनुभव आपणांपैकी कित्येकांनी माझ्या वर्गात बसून घेतलेला आहे. (हशा.) आपण आता हसलात, ते मला उजव्या कानाने ऐकू आले. डाव्या कानाने आले नाही. तो कान १४ डिसेंबर २०१७ च्या पहाटेपासून बंद आहे, आणि आजचे माझे बोलणे त्या कानाविषयीच आहे. मी वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. जे भोगले, त्यानंतर जाणत्यांना विचारून आणि पुस्तके चाळून जे समजावून घेतले, तेवढेच आपणांपुढे ठेवणार आहे.

तो मार्गशीर्षातला गुरुवार होता. घरात महालक्ष्मीच्या पूजेची तयारी म्हणून आमचे कुटुंब पहाटेच उठले होते. मला जाग आली ती कानात पिठाची गिरणी चालू झाल्यासारख्या घरघरीने. उठून बसलो, तो खोली फिरू लागली. भिंत, खिडकी, कोपऱ्यातले कपाट, सारे एका बाजूस धावत होते आणि पुन्हा जागेवर येऊन पुन्हा धावत होते. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाच्या मनात अशा वेळी पहिला विचार कोणता येतो, हे मी आपणांस सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मी सास्तूरच्या बाजूला नोकरीस होतो. त्या रात्रीनंतर कित्येक वर्षे आम्ही उशाशी विजेरी ठेवून निजत होतो. मी ओरडलो, "भूकंप! बाहेर पडा!" पत्नी देवघरातून धावत आली. तिने काही न बोलता देव्हाऱ्यावर साखळीने टांगलेल्या घंटेकडे बोट दाखविले. घंटा स्थिर होती. घर जागच्या जागी होते. फिरत होतो तो मी एकटाच.

मग उलट्या झाल्या. घरात निदान झाले ते पित्ताचे. सुंठ झाली, मोरावळा झाला, लिंबाचे सरबत झाले. डाव्या कानाने ऐकू येत नाही हे मी दुपारी सांगितले. खरे म्हणजे तोपर्यंत भोवळ एवढी होती की कानाकडे माझे लक्षच गेले नव्हते. शेजारच्या आजींनी लसूण घालून कढविलेले तेल आणले. दुसऱ्या दिवशी एका दवाखान्यात नेले. तेथे सांगण्यात आले की थंडीचे दिवस आहेत, सर्दीने दडा बसला आहे, मळही असेल. थेंब घाला, आपोआप सुटेल. चक्करेच्या गोळ्या वेगळ्या मिळाल्या. म्हणजे कान एका पुडीत बांधला गेला आणि चक्कर दुसऱ्या पुडीत. ही दोन्ही दुखणी एकच आहेत असे त्या पंधरवड्यात मला कोणी म्हणाले नाही आणि मलाही सुचले नाही. त्या दवाखान्याचे नाव मी घेणार नाही. तेथील डॉक्टर सज्जन आहेत, आणि मी तरी दुसरीकडे दाखवावयास कोठे घाई केली होती?

एकोणिसाव्या दिवशी, म्हणजे २ जानेवारी २०१८ रोजी, मुलाने हट्टाने मला सोलापूरला नेले. तेथील कानाच्या डॉक्टरांनी एक लोखंडी चिमट्यासारखे उपकरण गुडघ्यावर आपटले आणि त्याची दांडी माझ्या कपाळाच्या मध्यावर टेकवली. शाळेच्या प्रयोगशाळेत नादकाटा म्हणून मी शेकडो वेळा हाताळलेली ती वस्तू! "आवाज कुठे येतो, गुरुजी?" मी म्हणालो, "उजव्या कानात." डॉक्टर क्षणभर गप्प राहिले. नंतर काचेच्या खोलीत बसवून श्रवणालेख काढला. तो कागद मी जपून ठेवला आहे. जिल्ह्याचे आणि शहराचे नाव २०२३ साली बदलले, त्यामुळे त्यावर माझा पत्ता अजून उस्मानाबाद असाच आहे. उजव्या कानाची रेघ वरच्या बाजूने जाते. डाव्या कानाची रेघ कागदाच्या तळाशी, विहिरीत पडलेल्या दोरीसारखी. डॉक्टर एवढेच म्हणाले, "पहिल्या आठवड्यात यायला हवे होते."

आता त्या एका वाक्याचा अर्थ आपणांस समजावून देणे हे माझे काम आहे.

आपण ज्याला कान म्हणतो आणि बाहेर जो दिसतो, तो केवळ दरवाजा होय. त्याच्या आत पडदा, पडद्यामागे तीन चिमुकली हाडे, आणि त्यांच्याही पलीकडे कवटीतील सर्वांत टणक हाडाच्या पोटात खरे इंद्रिय दडलेले आहे. त्यास अंतःकर्ण म्हणतात. हा अंतःकर्ण म्हणजे आपल्याकडील जुन्या वाड्याप्रमाणे आहे. वाडा एक, बिऱ्हाडे दोन. एका बिऱ्हाडात अडीच-पावणेतीन वेटोळ्यांचा गोगलगाईच्या शंखासारखा भाग आहे. त्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात व त्या ध्वनीची लाट ओळखतात. दुसऱ्या बिऱ्हाडात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन पिशव्या आहेत. या तीन नलिका, खोलीच्या कोपऱ्यात जमीन आणि दोन भिंती जशा एकमेकींस काटकोनात भेटतात, तशा तीन दिशांस बसविलेल्या आहेत. मान कोणत्याही बाजूस वळो, एका तरी नलिकेतील द्रव हलतोच. पिशव्यांमध्ये चुनखडीचे कण असतात, आणि वर कोणते व खाली कोणते हे त्यांच्या भारावरून कळते. हे दुसरे बिऱ्हाड ऐकण्याचे काम मुळीच करीत नाही. ते देहाचा तोल सांभाळते.

या दोन्ही बिऱ्हाडांस पाणी एकाच आडाचे, म्हणजे आतील द्रव एकच आहे. दोघांना रक्त पुरविणारी धमनीही एकच. ती केसासारखी बारीक असून तिला दुसरी जोडवाट नाही. आणि दोघांची वार्ता मेंदूकडे नेणारी शीरही एकाच जोडीने जाते. मेंदूतून निघणाऱ्या शिरांमध्ये तिचा क्रमांक आठवा. त्यामुळे आडात विष पडले, रस्ता बंद झाला किंवा वेशीवर दरोडा पडला, तर कित्येकदा दोन्ही चुली एकदम विझतात. अकस्मात बहिरेपण आलेल्या रोग्यांपैकी शंभरात तीस ते साठ जणांस भोवळही येते, असे या विषयावरील वैद्यकीय ग्रंथ सांगतात. ज्यांस भोवळ येते, त्यांचे ऐकणे परत येण्याची शक्यता त्या मानाने कमी असते, कारण घाव मोठ्या भागावर बसलेला असतो. मी त्यातलाच.

भोवळ का येते, हेही सांगतो. ते समजल्यावर माझी भीती निम्मी झाली. उजवा कान आणि डावा कान ही एका जुवाखालची बैलजोडी समजा. आपण स्वस्थ बसलो असतानाही दोन्ही बाजूंनी मेंदूकडे सारखे संदेश जात असतात, आणि ते समसमान आहेत तोवर मेंदू म्हणतो, गाडी सरळ आहे. डावा बैल एकाएकी खाली बसला आणि उजवा ओढीतच राहिला, तर गाडी गरकन वळणारच. बैल बसला आहे हे मेंदूला ठाऊक नसते. त्याला वाटते की देहच फिरतो आहे, म्हणून तो डोळे फिरवितो, आणि डोळे फिरले की खोली फिरते. चालताना मी महिनाभर डाव्या अंगाला ओढला जात होतो, तो याचमुळे.

हे ज्ञान फार जुने नाही. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीपर्यंत युरोपातील मोठमोठे धन्वंतरीही भोवळ म्हणजे मेंदूत रक्त चढले असे समजत आणि रोग्याचे रक्त काढीत. पॅरिसमध्ये मूकबधिरांच्या संस्थेत काम करणाऱ्या प्रॉस्पर मेनिएर या डॉक्टरांनी १८६१ साली तेथील वैद्यक अकादमीपुढे निबंध वाचून सांगितले की कानात आवाज, ऐकू कमी येणे आणि भोवळ ही त्रयी एकत्र आली, तर दोष मेंदूत नसून अंतःकर्णात शोधावा. पुढच्याच वर्षी ते वारले. एका विकाराला आज त्यांचेच नाव आहे. त्यानंतर व्हिएन्नातील रॉबर्ट बारानी यांच्या ध्यानात आले की रोग्याचा कान धुताना पाणी फार गार किंवा फार ऊन असले की त्यास गरगरते, आणि गार पाण्याने डोळे ज्या दिशेस हिसके देतात त्याच्या उलट दिशेस ऊन पाण्याने देतात. या लहानशा निरीक्षणातून त्यांनी तोलाच्या इंद्रियाची परीक्षाच बसविली. १९१४ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झाले, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. आपल्याकडे कान धुताना कोणी "चक्कर येते" म्हणाले तर आपण त्यास भित्रा ठरवितो. तो भित्रा नसतो; पाणी गार असते, एवढेच.

आता हा विकार ओळखावा कसा? तीन दिवसांच्या आत, बहुधा एकाच कानाचे ऐकणे, एका विशिष्ट मापाने, म्हणजे लागोपाठच्या तीन स्वरांना किमान तीस डेसिबेलने उतरले, तर त्यास अकस्मात बहिरेपण म्हणतात. पण घरी कोणापाशी डेसिबेल मोजण्याचे यंत्र असते? म्हणून मी आपणांस एक सोपा प्रयोग करावयास सांगतो. सर्वांनी एका कानात बोट घट्ट घालावे. ओठ मिटावेत. आणि हळूच हुंकार द्यावा. (सभागृहात हुंकार व हशा.)

आवाज कोणत्या कानात मोठा आला? ज्यात बोट आहे त्यात. ज्या कानाचा दरवाजा बंद आहे, त्यातच हुंकार घुमतो, कारण तो हाडातून आत शिरतो आणि बाहेर पडावयास वाट नसते. मळाने वा सर्दीने कान बंद झाला असेल तर असेच होईल. हुंकार बंद कानात ऐकू येईल. परंतु बंद वाटणारा कान आतून मेला असेल, तर हुंकार चांगल्या कानात ऐकू येईल. सोलापूरच्या डॉक्टरांनी माझ्या कपाळावर नादकाटा टेकवून हेच पाहिले. हा प्रयोग मी पहिल्याच दिवशी केला असता तर! प्रयोगशाळेत नादकाट्यावर वर्षानुवर्षे पाठ दिले, आणि स्वतःच्या डोक्यावर तो लावण्याची बुद्धी झाली नाही. अर्थात या हुंकाराच्या भरवशावर घरी बसून राहावे असे मी म्हणत नाही. हुंकार कुठेही ऐकू येवो, एक कान एकाएकी बंद झाला तर दोन दिवसांत कानाच्या डॉक्टरांकडून तपासून श्रवणालेख काढून घ्यावा. हुंकार चांगल्या कानात आला तर दोन दिवसही थांबू नये.

घाई कशासाठी, तेही ऐका. केशपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीच्या पिलाच्या कानात त्या उगवतात, आपल्या नाही. हा सृष्टीचा पक्षपात आहे. मेलेल्या परत येणार नाहीत, पण आजारी असलेल्या वाचू शकतात, आणि त्यासाठी स्टिरॉइड औषधे पहिल्या दोन आठवड्यांच्या आत देतात. जितकी लवकर तितकी बरी. मधुमेह्यांनी ही औषधे डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यावीत, कारण त्यांनी साखर भडकते. आपल्या ज्ञातीत मधुमेह किती घरांत आहे हे आपण जाणताच. आजच्या भोजनातली जिलबी पाहून ते कोणाच्या ध्यानात येणार नाही, ही गोष्ट वेगळी. (हशा.) पोटातून औषध देऊन गुण आला नाही किंवा ते देता येत नसेल, तर पडद्यातून सुईने कानात तेच औषध सोडतात, आणि हा प्रयत्न सहा आठवड्यांपर्यंत करता येतो. माझ्या बाबतीत तो केला. उपयोग झाला नाही.

खरे बोलावयाचे तर ही औषधे रामबाण नव्हेत. त्यांच्या गुणाविषयी वैद्यकातही अजून वाद आहेत. काहीच न करता आपोआप थोडेबहुत ऐकणे परत आले, असे रोगी शंभरात तिसापासून साठ-पासष्टापर्यंत आढळतात. या आकड्यात एक गंमत आणि एक धोका दडलेला आहे. तीन जणांच्या कानात लसणीचे तेल घातले आणि त्यांपैकी एकाला बरे वाटले, म्हणजे तेलाची कीर्ती दहा गावे होते. उरलेले दोघे बोलत नाहीत. त्यांनी ऐकलेलेही नसते. शेजारच्या आजींवर माझा राग नाही. त्यांच्या दिवंगत यजमानांना त्या तेलाने गुण आला होता, असे त्या शपथेवर सांगत. आला असेलही; तो तेलाचा नव्हता, एवढेच मी म्हणतो.

कारण मात्र बहुतेक रोग्यांत सापडतच नाही. विषाणू, रक्तपुरवठ्यातील अडथळा, शरीरानेच स्वतःवर केलेला हल्ला, असे संशयित पुष्कळ आहेत. क्वचित एखाद्याच्या त्या आठव्या शिरेवर गाठ असते, म्हणून एम.आर.आय. करून घेण्यास सांगतात. खर्चाकडे पाहून तो टाळू नये. कित्येकांना वाटते की हे म्हातारपणाचे दुखणे. तसे नाही. जून २०२४ मध्ये प्रसिद्ध पार्श्वगायिका अलका याज्ञिक यांनी स्वतः जाहीर केले की काही आठवड्यांपूर्वी विमानातून उतरताना आपणांस एकाएकी काही ऐकू येईनासे झाले, आणि विषाणूच्या हल्ल्याने कानाच्या मज्जातंतूस इजा झाल्याचे निदान डॉक्टरांनी केले आहे. ज्यांच्या गळ्याने आपल्या मुलाबाळांची लग्ने गाजविली, त्यांच्याच कानावर हा घाला पडला, ही वार्ता वाचून मी त्या दिवशी जेवलो नाही. त्यांनी आपले दुखणे लपविले नाही, आणि मोठ्या आवाजापासून व कानात घालावयाच्या यंत्रांपासून जपा, असे तरुणांस सांगितले. वरातीतील ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे नाचणाऱ्यांनी हे ऐकावे. संबळ आणि तुतारीवर आपल्या तुळजापुरात देवीची सेवा पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे, तिला विजेच्या भिंती कधी लागल्या नाहीत.

हा विकार विरळा म्हणतात. अमेरिकेत दरवर्षी लाखात पाच ते सत्तावीस जणांस तो होतो, अशी मोजणी आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती. गणिताच्या मास्तरास त्रैराशिक मांडल्यावाचून राहवत नाही: तोच दर येथे धरला, तर वर्षाला सुमारे ऐंशीपासून साडेचारशेपर्यंत माणसे. हे त्रैराशिक आहे, शिरगणती नव्हे. तरीही मी विचार करतो की उमरग्यापासून परांड्यापर्यंत ही माणसे कोणत्या ओसरीवर, कानात तेलाचा बोळा घालून, दडा सुटण्याची वाट पाहत बसली असतील?

प्रत्येक चक्कर कानाची नव्हे आणि कानाची प्रत्येक चक्कर ही नव्हे, हेही सांगितले पाहिजे. अंथरुणात कूस बदलताच किंवा मान वर करताच अर्धा-एक मिनिट गरगरते व थांबते, ऐकू मात्र नीट येते, असा त्रास पुष्कळ वयस्क भगिनींना असतो. तेथे पिशवीतले ते चुनखडीचे कण सुटून नलिकेत शिरलेले असतात. जाणता डॉक्टर डोके ठराविक रीतीने वळवून ते जागेवर बसवितो, आणि अनेकदा एकाच बैठकीत गुण येतो. वर्षानुवर्षे गोळ्या खाण्याचे ते दुखणे नव्हे. याउलट चक्करेबरोबर जीभ जड झाली, एकाचे दोन दिसू लागले, तोंड वाकडे झाले, हातपाय लुळा पडला किंवा उभेच राहता येईना, तर तो मेंदूचा झटका समजून तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे; कान ऐकेनासा झाला असला तरीही, कारण कानाची ती बारीक धमनी मेंदूच्याच एका धमनीची फांदी आहे.

माझे ऐकणे परत आले नाही, पण तोल आला. मेंदू हा मोठा समंजस कारभारी आहे. एक बैल कायमचा गेला हे त्याच्या ध्यानात आले की तो एकाच बैलावर गाडी सरळ चालविण्यास शिकतो. मात्र त्यास शिकू दिले पाहिजे. चक्करेच्या गोळ्या पहिल्या दोन-चार दिवसांपुरत्या ठीक. त्या महिनोन्‌महिने घेतल्या तर शिकणारा विद्यार्थीच वर्गात पेंगतो. मला व्यायाम दिले होते. हात लांब करून अंगठ्यावर नजर रोखावी आणि मान डावी-उजवी हलवावी. टाचेला बोटे लावून भिंतीच्या आधाराने रेघेवर चालावे. गल्लीतली मुले माझ्यामागे तशीच चालत आणि खिदळत. तीन महिन्यांत मी सायकल सोडून बाकी सर्व करू लागलो.

तरी उणीव राहिलीच. तोल ही तीन दगडांची चूल आहे: कान, डोळे आणि पायांचे तळवे. माझा एक दगड अर्धा खचला आहे, म्हणून उजेडी व सपाट जमिनीवर काही जाणवत नाही. पण अंधारात शेताच्या बांधावर चालू लागलो की डोळ्यांचा दगडही निघतो आणि चूल कलंडते. तुळजापूरच्या देवळात पायऱ्या उतरून जावे लागते. गर्दीत मी कठडा सोडत नाही. घरात कोणास हा विकार झाला असेल तर न्हाणीघरात धरावयास दांडा बसवावा आणि रात्री एक दिवा जळता ठेवावा.

ऐकण्याविषयी म्हणाल तर एका कानाने शब्द ऐकू येतात, दिशा कळत नाही. हॉर्न वाजतो, पण ट्रक सोलापूरकडून येतो आहे की बीडकडून, हे उमगेपर्यंत तो अंगावर आलेला असतो. सरकारी नियमाने एका कानाचा बहिरा हा अपंगांत मोजला जात नाही, आणि समाजात तो निरोगीच समजला जातो. त्याचा परिणाम सांगतो. २०१९ च्या आपल्या वधूवर मेळाव्यात माझे एक जुने स्नेही माझ्या डाव्या बाजूस येऊन बसले. त्यांनी माझ्या पुतण्यासाठी स्वतःच्या मुलीची गोष्ट माझ्या कानात काढली. डाव्या कानात. मी समोर पाहत बसलो. त्यांनी दुसऱ्यांदा विचारले. मी उठून पाणी प्यावयास गेलो. आठ महिने ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि गावात मी गर्विष्ठ ठरलो. कारण कळले तेव्हा त्यांच्या घरी जाऊन मी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, माझ्याही आले. मुलीचे लग्न तोवर दुसरीकडे ठरले होते. ती सुखी आहे. सोयरीक मात्र हुकली, ती हुकलीच.

म्हणून आणखी एक हकीकत सांगतो. तिच्यासाठीच मी आज उभा राहिलो. २०२२ च्या वैशाखात कळंबहून माझ्या भाचीचा फोन आला. वय तेवीस. मुलगी हळू आवाजात म्हणाली, "मामा, कालपासून उजव्या कानाने ऐकू येत नाही, आणि उठले की गरगरतं. आई म्हणते कुणाला सांगू नको." चार दिवसांवर तिचा साखरपुडा होता. मी तिला हुंकार द्यावयास सांगितले. डाव्या कानात आला. मी बहिणीला फोन केला. बहीण रडू लागली, "दादा, साखरपुडा तेवढा होऊ द्या. आत्ता गवगवा झाला तर पोरीला कोण करील?" तिला दोष देऊ नका. आपल्या ज्ञातीत मुलीच्या अंगावरचा साधा पांढरा डाग लपविण्याची आपण किती शर्थ करतो, हे या सभागृहातील प्रत्येक मातेस ठाऊक आहे. मी म्हणालो, "साखरपुडा पुन्हा करता येईल. हा पंधरवडा पुन्हा येणार नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला लातूरला नेले. त्याच दिवशी औषध सुरू झाले.

आणि मुलाकडच्यांना मी स्वतः जाऊन सर्व सांगितले. नवरदेवाच्या वडिलांनी बराच वेळ काही उत्तर दिले नाही. मी मनात म्हटले, गेले. मग ते म्हणाले, "गुरुजी, आमच्या मंडळींना पाच वर्षं चक्कर येते. कान तपासायचा असतो हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. त्यांनाही दाखवू का?" साखरपुडा महिनाभर पुढे गेला. भाचीचा कान पूर्ण सुधारला नाही. रुपयातले बारा आणे आले. बारीक आवाज अजून सुटतात. मोटारगाडीत नवऱ्याने नेमके कोणत्या बाजूस बसावे, यावरून त्यांची थट्टा चालते.

मंडळी, घड्याळाकडे मी पाहिले नाही, पण चिटणीसांनी दोन वेळा पाहिले आहे. (हशा.) भोजनानंतर मी मंडपाच्या डाव्या कोपऱ्यात, डावा कान भिंतीकडे करून बसणार आहे. माझ्या खिशात नादकाटा आहे. ज्यांना काही विचारावयाचे असेल, स्वतःविषयी किंवा घरातील कोणाविषयी, त्यांनी यावे. उजव्या बाजूने यावे.